पिकअपमधला आवाज

पूर्ण भूल देताना श्वासासाठी घशातून जी नळी घालतात, ती दोन स्वरतंतूंच्या मधून खाली जाते. शस्त्रक्रियेनंतर काही दिवस आवाज घोगरा राहतो आणि मग बहुधा आपोआप मोकळा होतो, असे भूलतज्ज्ञांनी ताईंना नीट समजावले होते. परंतु १९८६ पासून नागपूरच्या गणेशोत्सवांत, लग्नांच्या रिसेप्शनमध्ये आणि लक्ष्मीनगरच्या सायंटिफिक सभागृहात गाऊन ज्यांनी घर चालवले, त्यांचे एवढ्याने समाधान होणे शक्य नव्हते. अल्बममधले आपले सगळे गायन रुग्णालयात भरती होण्यापूर्वी रेकॉर्ड झालेच पाहिजे, असे त्यांनी मला निक्षून सांगितले होते, आणि मे महिन्यातला तो शनिवार भरतीआधीचा शेवटचा मोकळा दिवस होता.

ताईंना स्वतःला काही झालेले नव्हते. त्या आपल्या धाकट्या भावाला मूत्रपिंड देणार होत्या. या ग्रुपमध्ये सगळे एकमेकांना नात्यानेच हाक मारतात, म्हणून मीही त्यांना तसेच म्हणतो: गाणाऱ्या ताई, कीबोर्ड वाजवणारे आणि चाली बांधणारे त्यांचे यजमान म्हणजे भाऊजी, गिटारवर ताईंचे हेच भाऊ, आणि ऑक्टोपॅड या इलेक्ट्रॉनिक तालवाद्यावर मास्तर, जे खरोखरच एका शाळेतून मास्तरकी करून निवृत्त झाले आहेत. ऑर्केस्ट्रात हिंदी चित्रपटगीते वाजवत असतानाच नव्वदच्या दशकात त्यांनी स्वतःच्या मराठी पॉप गाण्यांची एक कॅसेट काढली होती. ती सीताबर्डीच्या दुकानांत बऱ्यापैकी खपली, आणि नंतर संसार, मुलांची शिक्षणे आणि मोबाइलवरचे फुकट संगीत यांत पुढची राहून गेली. आता इतक्या वर्षांनी ते पुन्हा स्वतःची गाणी करत होते. प्रतापनगरातला माझा स्टुडिओ लहान आहे, एरवी तिथे जिंगल्स, भीमगीते आणि देवीची गाणी रेकॉर्ड होतात. पण चाळीसएक वर्षे एकत्र वाजवणारी माणसे माझ्याकडे प्रथमच आली होती.

भाऊंचे डायलिसिस सोमवार, बुधवार आणि शुक्रवार, दर वेळी चार तास. त्यामुळे आमचे रेकॉर्डिंग उरलेल्या दिवसांत बसवावे लागे. दिवसभरात लिटरभर पाणी, आणि त्यातच चहा, वरण, ताक सगळे आले, असा त्यांना नियम होता. नागपूरच्या मे महिन्यात हा नियम पाळणे म्हणजे काय, ते इथल्या माणसाला समजावून सांगायला नको. त्यांच्याजवळ पेनाने खुणा केलेली एक छोटी बाटली असे आणि प्रत्येक घोटानंतर ते ती उजेडात धरून पाहत. मास्तरांनी एकदा आठवणीने संत्र्याचा रस आणला, तेव्हा त्यातले पोटॅशियम चालत नाही म्हणून तो मला प्यावा लागला. नागपूरच्या माणसाला संत्रे वर्ज्य व्हावे, यावर भाऊ स्वतःच सर्वांत जास्त विनोद करत.

खरी अडचण वेगळी होती. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने बहीण ही जवळची नातेवाईक ठरते, त्यामुळे कागदपत्रांचा प्रश्न फारसा नव्हता. प्रश्न भाऊजींचा होता. साठी ओलांडलेल्या बायकोने पोट फाडून घ्यावे, हे त्यांना मनापासून पटलेले नव्हते. त्यांनी विरोध केला नाही, सहीही दिली, पण मेहुण्याशी बोलणे टाकले. माझ्या स्टुडिओत ते भाऊंशी बोलत ते फक्त कॉर्डपुरते. "दुसऱ्या अंतऱ्यात डी मायनर," एवढे सांगून ते मान वळवीत. भाऊ "बरं भाऊजी" म्हणत आणि डी मायनर वाजवत. विशेष म्हणजे वाजवण्यात याचा मागमूस नसे. भाऊजींचा हात कीबोर्डवर कुठे जाणार, हे भाऊंना आधी कळत असे आणि ते तेवढी जागा मोकळी सोडत.

हे पाहताना मला ॲबा या पॉप बँडची आठवण होणे साहजिक होते. स्वीडनच्या त्या चौघांतली दोन्ही लग्ने मोडली. ब्यॉर्न आणि अग्नेथा १९७९ मध्ये वेगळे झाले, बेनी आणि फ्रिडा १९८१ मध्ये. तरीही १९८१ सालीच स्टॉकहोमच्या पोलर स्टुडिओत त्यांनी ‘द व्हिजिटर्स’ हा अल्बम पूर्ण केला, ज्याची १९८२ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत तयार झालेली सीडी ही विक्रीसाठी बनलेल्या पहिल्या काही सीडींपैकी एक होय. लोक या अल्बमबद्दल बोलतात ते दुःखाने कलेला कशी धार येते, या सुरात. मी रेकॉर्डिस्ट असल्यामुळे मला त्यात मायकेल ट्रेटोव हा ध्वनिमुद्रक दिसतो, जो अल्बम अर्धा झालेला असताना आलेल्या बत्तीस ट्रॅकच्या नव्या डिजिटल यंत्राशी झगडत होता. काचेपलीकडे घटस्फोटित माणसे सुरात सूर मिळवत आहेत आणि काचेअलीकडे ट्रेटोव कोरडा वाटणारा आवाज ऊबदार कसा करावा, या विवंचनेत आहे. माझ्या मते ते काम पार पडले ते दुःखामुळे नव्हे, तर कोणी कोणता सूर गायचा हे त्यांना इतक्या वर्षांत ठाऊक झाले होते म्हणून. टियर्स फॉर फिअर्स या ब्रिटिश पॉप गायक जोडीचेही तसेच. २००४ नंतरचा त्यांचा अल्बम थेट २०२२ मध्ये आला. मधल्या काळात, २०१७ मध्ये, रोलंड ऑर्झबल यांची पत्नी दीर्घ आजाराने गेली. बाहेरच्या गीतकारांसोबत केलेल्या बऱ्याच कामावर त्यांचे मन बसेना, आणि गाडी मार्गी लागली ती ऑर्झबल आणि कर्ट स्मिथ पूर्वीसारखे दोघेच दोन गिटार घेऊन बसले तेव्हा.

त्या शनिवारी सकाळी आधी भाऊंची अकूस्टिक गिटार घ्यायची होती. एरवी टेक चालू असताना मी एसी बंद ठेवतो, कारण कंडेन्सर माइक त्याची घरघर उचलतो. पण भाऊंना उकाड्यात बसवणे योग्य नव्हते, म्हणून एसी चालू ठेवून मी गिटारच्या लाकडावर कॉन्टॅक्ट पिकअप चिकटवला. तो हवेतला आवाज घेत नाही, फक्त लाकडाची कंपने घेतो. पहिला टेक छान झाला. मी तो ट्रॅक एकटा करून ऐकला, तेव्हा स्वरांच्या खाली लांबून पिठाची गिरणी चालावी तसा एक आवाज होता, थोडा वाढणारा, थोडा ओसरणारा.

अर्थिंगची गुणगुण मला ओळखता येते. ती एकसारखी असते आणि ही तशी नव्हती. तरी मी लॅपटॉपचा चार्जर काढला, केबल बदलली, शेजाऱ्यांना विनंती करून त्यांचा कूलर बंद करवला. आवाज कायम. भाऊंनी गिटार स्टँडवर ठेवली की आवाज नाहीसा होई आणि मांडीवर घेतली की परत येई. मग कधीतरी त्यांनी कपाळ पुसायला उजवा हात उचलला, आणि माझ्या हेडफोनमध्ये एकदम स्वच्छ शांतता झाली. हात गिटारवर परत टेकला तसा तो आवाजही परत आला.

मी त्यांच्याकडे पाहिले. भाऊंना माझ्याआधीच उलगडा झाला होता. त्यांनी शर्टाची बाही वर केली आणि कोपर माझ्या कानाजवळ आणले. "ऐक," ते म्हणाले, "माझी मोटर चालू आहे."

डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर एकमेकींना जोडतात, त्याला फिस्टुला म्हणतात. धमनीतले रक्त जोराने शिरेत शिरते, त्यामुळे शीर फुगून जाड होते आणि पुन्हापुन्हा सुया टोचण्याजोगी बनते. वरून बोट ठेवले तर तिथे सतत थरथर जाणवते, आणि ती थांबली तर रक्ताची गुठळी झाली असे समजून तातडीने रुग्णालय गाठायचे असते. म्हणून भाऊ रोज सकाळी उठल्याबरोबर ती तपासत. डाव्या हातातला त्यांचा पहिला फिस्टुला बंद पडला होता, म्हणून दुसरा उजव्या कोपराशी केला होता, आणि गिटार वाजवताना नेमके तेच कोपर लाकडावर टेकते. माझ्या पिकअपने तेवढे इमानेइतबारे टिपले होते.

मास्तर ऑक्टोपॅडमागून उठून आले, हेडफोन लावून डोळे मिटून उभे राहिले आणि कानात ताल देणाऱ्या क्लिकशी ताडून मिनिटाचे ठोके बोटांनी मोजू लागले. "क्लिक शहाण्णववर आहे आणि हा ब्याऐंशी-चौऱ्याऐंशीच्या आसपास. तालात नाही बाप्पा," ते गंभीरपणे म्हणाले. मला मात्र तो आवाज ठेवावासा वाटत होता, हे कबूल केले पाहिजे. गाण्याच्या सुरुवातीला नुसता तोच चार मात्रा ऐकवावा आणि मग गिटार यावी, अशी कल्पना मी बोलूनही दाखवली. भाऊ हसले. "काढून टाक बाबू. तालात नाही ते गाण्यात कायले पाहिजे?" व्होकल बूथमधून टॉकबॅकवर ताईंचा आवाज आला: "आणि तो ऐकत मला गायचं आहे की काय? काढ म्हणते नं."

त्यावरचा उपाय अगदी साधा निघाला. उन्हासाठी गळ्यात टाकलेल्या सुती दुपट्ट्याची घडी करून ती कोपर आणि गिटार यांच्यामध्ये ठेवली आणि पिकअप ब्रिजच्या पलीकडे सरकवला. लाकडाचा गुंजारव किंचित दबला, तो मी नंतर इक्वलायझरने भरून काढला.

दुपारनंतर ताईंची गाणी. दोन गाणी सहज झाली. तिसऱ्याच्या दुसऱ्या कडव्यात, भावंडांच्या लहानपणीच्या उल्लेखापाशी, त्यांचा आवाज फाटला आणि ओळीचा शेवट श्वासातच विरला. मास्तरांचे डोळे भरून आले. "हाच ठेवा, असा पुन्हा येणार नाही," ते म्हणाले. मीही मान डोलावली असती, पण भाऊजी कीबोर्डवरून मान न उचलता म्हणाले, "हुंदका आहे, सूर नाही. पंचम उतरला आहे. परत घ्या." मला त्या क्षणी हा माणूस कठोर वाटला. ताईंनी मात्र पाण्याचा घोट घेतला, "बरोबर आहे त्यांचं," म्हणाल्या आणि ती ओळ पुन्हा गायल्या, या वेळी दम राखून, पंचमावर स्वच्छ उभ्या राहून. आज अल्बममध्ये तीच ओळ आहे. आधीचा टेक माझ्याकडे शिल्लक आहे आणि तो ऐकला की भाऊजींचे बरोबर होते, हे पटते: त्यात बाई रडत आहे एवढेच कळते, गाणे काय म्हणते ते कळत नाही.

काम संपले असे समजून मी उठत होतो, तेव्हा भाऊजींनी मला थांबवले. ताईंचा एकेक सूर सुटा हवा, असे ते म्हणाले: मंद्र पंचमापासून तार गंधारापर्यंत, सगळे कोमल आणि तीव्र धरून, आकारात, एकदा हलका आणि एकदा भरलेला. सॅम्पलरमध्ये असे सूर भरले की कीबोर्डची पट्टी दाबल्यावर त्या माणसाचा आवाज वाजवता येतो. ते कशासाठी मागत आहेत, हे खोलीतल्या प्रत्येकाला कळले.

"मी काय मरून राहिले का?" ताईंनी विचारले.

"कीबोर्डला लागते," भाऊजी म्हणाले.

ताई काही न बोलता बूथमध्ये परत गेल्या. पाचसहा सूर झाले असतील तेवढ्यात लाईन गेली. कॉम्प्युटर आणि इंटरफेस यूपीएसवर असल्यामुळे चालू राहिले, पण एसी बंद पडला आणि भाऊजींचा कीबोर्डही. रेकॉर्डिंगसाठी याहून शांत खोली मिळाली नसती. फक्त सूर द्यायला काही उरले नव्हते. भाऊजींनी क्षणभर काळ्या पडलेल्या स्क्रीनकडे पाहिले आणि मग मेहुण्याकडे वळून म्हणाले, "तू सूर दे."

भाऊंनी दुपट्टा नीट केला आणि एकेक तार छेडायला सुरुवात केली. ते सूर देत, तार विरेपर्यंत ताई थांबत आणि मग आकार लावत. भाऊजी वहीत सुराचे नाव लिहून त्यापुढे बरोबरची खूण करत. खोली तापत गेली. भाऊंच्या बाटलीतले पाणी शेवटच्या खुणेखाली आले होते. तार गंधार झाला तसे भाऊजींनी वही मिटली, "चल, गाडीत एसी लावतो," म्हणत भाऊंना धरून बाहेर नेले, आणि लाईन येईपर्यंत ते दोघे बंद काचांच्या गाडीत बसून होते. ताई माझ्याजवळच बसल्या आणि त्यांनी मला फाइलींची नावे नीट द्यायला लावली.

शस्त्रक्रिया ठरल्या वेळी झाली आणि नवे मूत्रपिंड भाऊंच्या शरीराने स्वीकारले. ताईंचा आवाज काही दिवस बसला होता, तो सुटला; ताण देऊन गायला मात्र पोटावरच्या टाक्यांमुळे बराच काळ मनाई होती. सुट्या सुरांचे ते फोल्डर कोणी वापरले नाही, आणि जागा मोकळी करू का असे विचारल्यावर भाऊजी नको म्हणाले.

मिक्सिंगच्या वेळी चौघेही माझ्यामागे खुर्च्या टाकून बसले. अकूस्टिक गिटार किती वर ठेवायची यावरून भाऊजी आणि भाऊ यांची पहिल्याच गाण्यात जुंपली. भाऊजी म्हणत ती कीबोर्डला झाकते, भाऊ म्हणत कीबोर्डने सगळ्या अल्बमला झाकून टाकले आहे, आणि माझा फेडर वर-खाली होत राहिला. अखेरीस ताईंनी दोघांनाही चहा आणायला पाठवले आणि माझ्याकडून गिटार दोन डेसिबलने वर करून घेतली.