क्यूबेकचं चॅनेल 4 आणि आमचं नागपूर

केबलच्या जमान्यात मी नागपुरातल्या एका लोकल चॅनेलवर बातम्या वाचायचे. बर्डीतल्या ऑफिसात संध्याकाळी बुलेटिन रेकॉर्ड व्हायचं, ओळीनं मांडलेल्या व्हीसीआरवर कॉप्या निघायच्या आणि पोरं लुनावरून त्या कॅसेटी महाल, इतवारी, सदरच्या कंट्रोल रूमवर पोचवायची. इतवारीत गर्दी असली की तिकडे बातम्या उशिरा. अर्धा वेळ मराठी, अर्धा हिंदी. आधी कोण, यावरून वाद ठरलेला.

म्हणून कॅनडातल्या क्यूबेक शहरातल्या (क्यूबेक प्रांताची राजधानी) सीएफसीएम या टीव्ही केंद्राचा इतिहास मला इतका जवळचा वाटतो. 17 जुलै 1954 ला चॅनेल 4 वर सुरू झालेलं हे कॅनडातलं पहिलं खाजगी फ्रेंच टीव्ही केंद्र. फेमस प्लेयर्स ही चित्रपटगृहांची कंपनी आणि शहरातली दोन रेडिओ केंद्रं, सीएचआरसी नि सीकेसीव्ही, हे त्याचे मालक. सुरुवातीला फ्रेंच आणि इंग्रजी एकाच चॅनेलवर. 1957 मध्ये त्यांनीच इंग्रजीसाठी सीकेएमआय काढलं आणि चॅनेल 4 फ्रेंचला मोकळं झालं. दोन्ही भाषांना आपापलं घर मिळालं. आमच्याकडे हे कोणी केलं असतं, तर किती बरं झालं असतं!

1964 मध्ये रेडिओ-कॅनडानं, म्हणजे कॅनडाच्या सार्वजनिक फ्रेंच प्रसारण संस्थेनं, क्यूबेक शहरात स्वतःचं केंद्र उघडलं. तोवर त्यांचेच कार्यक्रम दाखवणारं सीएफसीएम एकटं पडलं. 1971 मध्ये ते टीव्हीए या खाजगी फ्रेंच नेटवर्कमध्ये गेलं, आणि नेटवर्कचं मुख्य केंद्र मॉन्ट्रियलला. राजधानी क्यूबेक, पडदा मॉन्ट्रियलचा! पण पुढे कॅनडाच्या प्रसारण नियामक मंडळानं परवान्यातच अट घातली: आठवड्याला 18 तास स्थानिक कार्यक्रम. ही अट मला सगळ्यात मोलाची वाटते, कारण मालक बदलले तरी ती परवान्यासोबत राहते.

1954 मध्ये नागपूरही राजधानी होतं, जुन्या मध्य प्रदेशाची. 1956 मध्ये ते राजधानीपण गेलं, आणि 1972 मध्ये मराठी टीव्ही सुरू झाला तो मुंबईत. नागपुरात सेमिनरी हिल्सवर दूरदर्शनचा टॉवर आहे, पण पडद्यावर आम्ही किती? तान्ह्या पोळ्याला काळी-पिवळी मारबत, बडगे अशा पुतळ्यांची मिरवणूक निघते, इतवारीत पाय ठेवायला जागा नसते. आमच्या लोकल चॅनेलवर ती मिरवणूक अख्खी दिसायची, घोषणांसकट. मुंबईच्या वृत्तवाहिन्यांवर तिची झलक येते, तीही मुंबईत बसून लिहिलेल्या निवेदनासह.

मराठी वाहिन्यांना विदर्भाचे तास परवान्यातच बांधून द्यायला हवेत. आणि ते तास नागपुरात तयार व्हावेत, इथल्याच माणसांनी, आपल्या बोलीत.