पंचमी गेली कुठी?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी आठवीला विज्ञान शिकवतो. कापूस वेचणी सुरू झाली की निम्मा वर्ग वावरात असतो, आणि उरलेल्यांना घेऊन पुढचा धडा घ्यावा की थांबावं, हा दरवर्षीचा पेच. अशाच एका दिवशी एक मुलगा कॅलेंडरचं फाटकं पान घेऊन आला. "सर, हे पाहा न जी. चौथ झाली अन् लगेच सष्टी. पंचमी गेली कुठी?" आज्यानं 'क्षय झाला' म्हणून सांगितलं होतं, पण त्याचं तेवढ्यानं भागलं नव्हतं. "चंद्र रोज सारखाच चालते, तं तिथी लहानमोठी काऊन होते?"

असा प्रश्न पोरगं विचारतं तेव्हा हातातला धडा बाजूला ठेवायचा असतो, असं मी मानतो.

चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकला की एक तिथी होते. तो एका चालीनं चालता, तर प्रत्येक तिथी साधारण २३ तास ३७ मिनिटांची झाली असती. पण ती कधी २० तासांच्या आसपास, कधी २६ तासांच्याही वर जाते. सूर्योदयानंतर लागून दुसऱ्या सूर्योदयाआधीच संपली, की तिच्या वाट्याला एकही दिवस येत नाही. पोराची पंचमी अशीच गेली होती.

आता चाल का बदलते, ते दाखवायचं होतं. वर्गातल्या तक्त्यावर चंद्राची कक्षा अंड्यासारखी चपटी काढलेली आहे. त्या तक्त्याचा मला मनापासून राग आहे. म्हणून मैदानात गेलो. हजार किलोमीटरला एक सेंटीमीटर धरलं. पृथ्वी पावणेतेरा सेंटीमीटरची, चंद्र साडेतीनचा. दोन खुंट्या ४२ सेंटीमीटर अंतरावर ठोकल्या आणि ७ मीटर ६९ सेंटीमीटरची दोरी त्यांना दोन्ही टोकांनी बांधली. नायलॉनची दोरी ताणली की लांबते, म्हणून पोरांनी घरून जुने सुती कासरे आणून जोडले. दोरी ताणून धरत आधी एका बाजूचा, मग दुसऱ्या बाजूचा अर्धा भाग फक्कीनं आखला. पोरं म्हणाली, "हे तं गोलच हाये!" हेच त्यांच्या तोंडून यायला हवं होतं. लांबी-रुंदीतला फरक इतका थोडा, की फक्कीच्या जाड रेघेत तो बुडून जातो. गोलाच्या मध्यापासून सरकलेली असते ती पृथ्वी. ती एका खुंटीवर ठेवली तेव्हा चंद्राची वाट एका बाजूला ३ मीटर ६३ सेंटीमीटरवर आली, दुसऱ्या बाजूला ४ मीटर ६ सेंटीमीटरवर. जवळच्या बाजूला चंद्र वेगानं जातो, तिथी लवकर संपते. लांबच्या बाजूला रेंगाळतो, तिथी ताणली जाते. पोरगा ती वाट तशी चालून पाहत होता, तेवढ्यात तपासणीला साहेब आले. पोर्शन किती झाला विचारलं आणि शेरेबुकात 'विद्यार्थी वर्गाबाहेर आढळले' असं लिहून गेले. फक्कीची रेघ कसली, हे त्यांनी विचारलं नाही. ते मला आजही लागतं.

साहेब गेल्यावर पोरगा पुन्हा खुंटीपाशी आला. याच मापात सूर्य १४ मीटरचा, आणि तो थेट फाट्यावर, दीड किलोमीटर लांब, हे मी सांगून ठेवलं होतं. तिकडं बघत तो म्हणाला, "एवढा मोठा सूर्य चंद्राले ओढून नेत काऊन नाही?"

हा प्रश्न अजून माझ्या डोक्यात आहे. कारण सूर्य चंद्राला खरोखरच ओढतो, आणि पृथ्वीच्या दुपटीहून जास्त जोरानं ओढतो. आम्ही आखलेली कक्षाही त्याच्यामुळेच एका जागी राहत नाही. तिची जवळची बाजू फिरत फिरत सुमारे नऊ वर्षांत पुन्हा त्याच दिशेला येते. मी पोराला सांगितलं, की सूर्य पृथ्वीलाही तेवढंच वळवतो, म्हणून दोघं सोबतच वळतात. एका बसमधले दोन प्रवासी वळणावर एकमेकांपासून लांब जात नाहीत, तसं. त्यानं मान हलवली, पण पटलं नव्हतं, ते दिसत होतं.

त्याला पटेल असं काय दाखवावं, याचा विचार करता करता मी हिशेब मांडला. याच मापात पृथ्वी सूर्याभोवती दिवसाला पावणेसव्वीस मीटर जाते, म्हणजे पुनवेपासून पुनवेपर्यंत साधारण ७६० मीटर. तेवढ्या वाटेत चंद्र तिच्या वाटेपासून जेमतेम चार मीटर अलीकडे-पलीकडे होतो. म्हणजे चंद्राची वाट स्प्रिंगसारखे वेटोळे घेत नाही. ती सगळीकडे सूर्याकडेच वळलेली असते, कुठं थोडी कमी, कुठं थोडी जास्त. वेचणी संपून वर्ग भरला की कडेच्या मोकळ्या पडितात ७६० मीटरची ही वाट फक्कीनं आखायची आहे. कमान दीड किलोमीटरच्या त्रिज्येची, त्यामुळं दर पंचवीस-सव्वीस मीटरला खुंटी ठोकून वळण साधावं लागेल. पृथ्वी एका पोरीच्या हाती देणार आहे. चंद्र घेऊन तो पोरगा चालेल.