पाणी समुद्राचं नव्हतं

ऐन फेब्रुवारीत मासेमारीची लाकडी लाँच दुरुस्तीसाठी पाण्यातून वर काढणं कुठल्याही मालकाच्या जिवावर येतं. 1 जूनला मासेमारी बंद होते ती 31 जुलैपर्यंत, आणि दुरुस्तीची कामं त्या बंदीच्या आगेमागे उरकायची अशी सगळ्यांची रीत. तरीही वाघोटन खाडीत आमच्याकडे ही 38 फुटी लाँच भर हंगामात आली, कारण तिच्या बुडातलं पाणी उपसणारा पंप थांबत नव्हता.

तांडेल, म्हणजे लाँच चालवणारा प्रमुख, अनुभवी होता. "मेस्त्रीनू, पाणी खयसून येता ता तेवढा बघा. शाफ्टाकडसून येता असा मालक म्हणता," तो म्हणाला.

बाहेरून लाँच देखणी होती. दोन वर्षांपूर्वी जुन्या लाकडावर पाण्याच्या रेषेपर्यंत फायबर चढवून घेतलेलं. पठाणाजवळ, म्हणजे तळाचा जो मुख्य सोट त्याच्या कडेला, एकदोन केसासारख्या चिरा होत्या. मालकाला वाटत होतं, शाफ्टची ग्रंथी, म्हणजे पंख्याचा दांडा तळातून बाहेर जातो तिथला पाणी अडवणारा जोड, बदलायची, चिरांवर फायबरचा पट्टा मारायचा आणि आठवड्यात लाँच परत समुद्रात.

लाँच अजून पाण्यात होती तोवर शाफ्ट आधी पाहिला. इंजिन सुरू करून ग्रंथीशी बसलो. मिनिटाला चारपाच थेंब पडत होते. तेवढं पडायलाच हवं, नाहीतर ग्रंथीतली दोरी कोरडी जळते आणि शाफ्टला चर पडतो. एवढ्या थेंबांनी पंप दिवसभर चालत नाही.

मग तांडेलाला विचारलं, बंदरात उभी असताना पंप किती वेळा लावावा लागतो? "सकाळ-संध्याकाळ. बर्फ भरून भायर पडलो काय मगे दर दोन तासान." या उत्तरात निम्मं निदान होतं. समुद्राचं पाणी तळातून येत असेल तर ते बंदरातही येतंच. चालत्या होडीत अंग हलतं, सांधे उघडमीट करतात, त्यामुळे थोडं वाढतं हे खरं, पण सहापट नाही. बंदरात आणि बाहेर फरक एकच उरत होता, बर्फ.

बुडातलं पाणी डिझेलचा तवंग बाजूला करून बादलीत काढलं आणि आंघोळीचा साबण चोळून पाहिला. समुद्राच्या पाण्यात साबण फुटतो, फेस धरत नाही. इथे फेस धरला, जरा कमी, पण धरला. म्हणजे खाऱ्यात गोडं पाणी भरपूर मिसळलेलं होतं. पाऊस नव्हता, पिण्याच्या पाण्याची टाकी शाबूत होती. गोडं पाणी येणार ते बर्फाच्या खणातूनच.

गोडं पाणी लाकडाला समुद्राच्या पाण्यापेक्षा वाईट. खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा किडा लागतो, पण कुजवणारी बुरशी सहसा धरत नाही. मीठ लाकूड टिकवतं. गोडं पाणी, ऊब आणि कोंडलेली हवा असली की बुरशीला सगळं मिळालं. वर्षानुवर्षं समुद्रात असलेली होडी तळाला ठणठणीत आणि वर, जिथे पावसाचं पाणी साचतं त्या तख्ताखाली, म्हणजे वरच्या फळ्यांच्या जमिनीखाली, कुजलेली, असं नेहमी दिसतं. म्हणून तळाला कूज सापडली की मला आधी वरून येणाऱ्या पाण्याचा संशय येतो.

लाँच वर काढायला पौर्णिमेनंतरची द्वितीया धरली. तिथीच्या पाऊणपट तास, असा भरतीचा हिशोब. द्वितीयेला दीड वाजता पूर्ण भरती. उधाणाचं सर्वांत मोठं पाणी पौर्णिमेला नसून तिच्यानंतर एकदोन दिवसांनी येतं, आणि जड लाँचला ते वरचे चार-सहा इंचच कामाचे. भरतीला ओंडक्यांवर आणून थोपवायची, ओहोटीत पाणी उतरलं की टेकू लावायचे आणि मग चेनकप्पीने इंचाइंचाने वर. पलीकडे गिर्ये गावात आंग्र्यांच्या आरमाराची गोदी आहे, तिथेही भरती-ओहोटीलाच कामाला लावलेलं. यंत्रं आली, पण आमच्या कामाचा हा भाग बदलला नाही.

वर आल्यावर लगेच कापाकाप केली नाही. बुडाची बुचं काढून दोन दिवस निथळू दिली. मग लहान हातोडीने पूर्ण तळ वाजवला. चांगली फळी 'टण्' बोलते, कुजलेली 'भद्'. फायबर असलं की आवाज फसवतो. फायबर लाकडापासून सुटून फुगलं असेल तर पोकळ आवाज येतो, पण आतलं लाकूड चांगलं असू शकतं. म्हणून जिथे जिथे आवाज बदलला तिथे खडूने खुणा केल्या आणि मग आतून पाहिलं. खुणा डाव्या बाजूला, बरोबर बर्फाच्या खणाखाली, नऊ फुटांच्या पट्ट्यात गोळा झाल्या होत्या. मालक ज्या चिरा दाखवत होता त्या तिथून बऱ्याच पुढे, नाळेच्या, म्हणजे लाँचच्या पुढच्या टोकाच्या, बाजूला. त्या चिरा नुसत्या वरवरच्या होत्या, वाळूवर घासून आलेल्या.

ग्राइंडरने खुणेच्या मधोमध वीतभर चौकोन कापला. पात्याने फायबर ओलांडलं तसं तपकिरी पाणी बाहेर आलं, आंबट वासाचं. फायबर पापुद्र्यासारखं हाताने सोलून निघालं. आतली सागाची फळी, मूळची सव्वा इंच, टोच्याने पार आरपार जात होती. वाळलेल्या चिखलाला पडतात तशा चौकोनी भेगा लाकडाला पडल्या होत्या. अशा भेगा दिसल्या की ती बुरशीच, किडा नव्हे. किड्याचं काम वेगळं: बाहेर टाचणीएवढं भोक आणि आत बोटभर जाड, चुन्याचं अस्तर असलेली बोगद्यांची जाळी. इथे एकही बोगदा नव्हता. किड्यापासून वाचवायला चढवलेल्या फायबरने किडा खरोखर रोखला होता, आणि आतलं पाणीही.

मग बर्फाचा खण उघडला. प्लायवूड, थर्माकोल आणि वर फायबरचं अस्तर. तळाला डाव्या कोपऱ्यातून निचऱ्याचा प्लास्टिकचा पाइप, तो खणाच्या तळाशी जिथे जोडला होता तिथेच सुटलेला. लाकडी लाँच लाटेवर वळते, पिळवटते. फायबरचा डबा वळत नाही. दोघांच्या मधला कडक जोड तुटणार हे ठरलेलं. वितळलेल्या बर्फाचं पाणी थर्माकोलमागे उतरत होतं, तिथून फळ्यांवर. बाहेर जायला वाट नाही, वारा लागायला जागा नाही. कुजलेल्या फळीने खिळे सोडले, सांधे सैल पडले, सुटलेल्या फायबरखालून समुद्राचं पाणीही थोडंथोडं येऊ लागलं. पंपाला गोडं आणि खारं, दोन्ही पाणी मिळत होतं.

एकूण हिशोब असा निघाला: पठाणापासून दुसरी, तिसरी आणि चौथी अशा सलग तीन फळ्या गेलेल्या आणि पाच वाकांचे, म्हणजे आतल्या बाकदार फासळ्यांचे, खालचे भाग मऊ. खिळे साधे लोखंडी. सागात लोखंड बऱ्यापैकी टिकतं, पण वाक बाभळीचे आणि पठाण ऐनाचा. या दोन्हींत तुरटपणा फार. पूर्वी ऐनाच्या सालीच्या काढ्यात जाळी रंगवायचे ते त्याच गुणासाठी. ओल असली की तो तुरटपणा लोखंड खातो, खिळ्याभोवती लाकूड शाईसारखं काळं पडतं आणि भोक मोठं होतं.

दुरुस्तीत पहिला प्रश्न, कापायचं कुठवर? कूज दिसते तिथे थांबलं तर सहा महिन्यांत पुन्हा सुरू. बुरशीचे तंतू दिसत्या कुजीच्या पुढे गेलेले असतात, म्हणून चांगलं लाकूड लागल्यावरही आणखी अर्धा ते एक फूट पुढे कापतो. तीन फळ्यांची टोकं एका रेषेत आणत नाही. शेजारच्या फळीचा जोड निदान तीन वाक सोडून असावा, नाहीतर तिथे अंग मोडतं. त्यामुळे नऊ फुटांच्या कुजीसाठी एक फळी चौदा फूट काढावी लागली. मालकाला हे पटवायला वेळ लागला.

एका वेळी तिन्ही फळ्या काढायच्या नाहीत. टेकू कितीही दिले तरी तेवढी मोठी खिडकी उघडली की लाँच आकार सोडते. आधी वाक. पाचही वाक पूर्ण न काढता प्रत्येकाचा कुजलेला भाग कापला आणि बाजूला बाभळीचा जोडवाक बसवला, जस्त चढवलेल्या अर्ध्या इंची बोल्टांनी. आकारासाठी पातळ प्लायवूडचा फर्मा काढला आणि लाकडाच्या ढिगात त्या बाकाच्या फांद्या शोधल्या. सरळ लाकडातून बाक कापला तर रेषा आडव्या तुटतात आणि वाक तिथेच फुटतो. झाडानेच बाक घेतलेला हवा.

फळीला वळण देण्यासाठी तिला गोड्या पाण्याने भिजवून, तेल लावून, खाली चुडतांचा, म्हणजे सुक्या झावळ्यांचा, मंद जाळ केला. एक टोक अडकवून दुसऱ्याला वजन. घाई केली की वरच्या बाजूला बारीक तडा जातो, तो आज दिसत नाही, पाण्यात दिसतो. वळलेली फळी शिकंज्यात रात्रभर ठेवली.

यानंतरचं काम मला सर्वांत आवडतं, कडेला कड जुळवणं. जुन्या फळीच्या कडेला तेलात कालवलेला शेंदूर फासायचा, नवी फळी दाबून बसवायची, पुन्हा काढायची. नव्या कडेला जिथे लाल लागलं तिथे उंचवटा. तेवढाच रंध्याने, पटाशीने काढायचा, पुन्हा फासायचं, पुन्हा बसवायचं. पूर्ण कड सारखी लाल झाली की जुळली. एका फळीला सकाळ जाते. सांधा आतून घट्ट आणि बाहेर किंचित उघडा ठेवतो, सूत भरायला. भोक खिळ्याहून थोडं बारीक पाडायचं, खिळ्याच्या डोक्याखाली तेलात भिजवलेलं सूत गुंडाळायचं. या वेळी सगळे खिळे जस्त चढवलेले.

सूत ठोकताना जोर लावणारा नवा माणूस मी लगेच थांबवतो. कोरड्या सांध्यात ठासून भरलं की फळी पाणी पिऊन फुगते तेव्हा जायला जागा नसते. मग खिळे उपटतात किंवा वाक तडकतो. वरून राळ आणि तेलाचं लुकण. तेल जास्त झालं तर ते चिकटच राहतं, कमी झालं तर तडकतं; थेंब पाण्यात टाकून बोटांनी वळून बघितल्याशिवाय भांडं उतरवायचं नाही.

शेवटी मालकाने अपेक्षित प्रश्न विचारला, आता फायबर परत कधी मारायचं? मी नाही म्हणालो. साच्यातून काढलेली पूर्ण फायबरची होडी ही वेगळी वस्तू, तिच्याशी माझं भांडण नाही. पण फायबर चिकटवायला बाजारात सर्रास वापरतात ते रेझिन तेलकट सागाला नीट धरत नाही, ओल शेकडा 15 च्या वर असेल तर अजिबात नाही, आणि वर्षानुवर्षं पाण्यात असलेली फळी तेवढी वाळणं कठीण. म्हणून डाव्या बाजूचं सगळं फायबर सोललं, उजवीकडे वाजवून-तपासून जिथे सुटलेलं होतं ते काढलं, आणि लाकडाला काजूच्या टरफलाच्या तेलाचे दोन हात दिले. हातमोज्यांशिवाय ते तेल लावू नये, कातडी सोलून निघते. त्यावर तळाला तांब्याचा विषारी रंग. दर वर्षी हे करावं लागेल, ते मालकाला आधीच सांगितलं.

खणाचा पाइप आता लवचीक आहे, दोन ठिकाणी क्लिप, आणि वितळलेलं पाणी बुडात न जाता वेगळ्या डब्यात जातं. अस्तर आणि फळ्या यांच्यात दोन बोटं मोकळी जागा ठेवून वरून वाऱ्याला दोन भोकं पाडली.

लाँच पुन्हा उधाणालाच उतरवली. पहिल्या दिवशी सांध्यांतून पाणी आलं. येतंच, फळी फुगायची असते. तांडेल सूत आणि हातोडी घेऊन धावला, त्याला अडवलं. चार भरत्या होईपर्यंत फक्त पंप. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिसऱ्या फळीच्या पुढच्या जोडाशी एक बारीक पाझर उरला, तो खालून राळेचं लुकण दाबून बंद केला.

तांडेलाला एकच काम नेमून दिलं आहे. बर्फ भरला की पहिल्या चार तासांत डबा किती भरला आणि बुडात किती पाणी आलं, दोन्ही बघायचं. डबा रिकामा आणि बुड ओलं दिसलं, तर मासे उतरवल्या उतरवल्या खणाचा तळ उघडायचा.