आठ दिवसांचा संघ

सोमवार, रात्र

दुपारी कॉलेजातली पाच पोरं दुकानात घुसली आणि मला कळलं, स्पर्धा आल्या. नोटीस बोर्डाच्या आधी हे माझ्या झेरॉक्स मशीनला कळतं. दहावीचा मेमो, बारावीचा मेमो, टीसी, आधार, फोटो आणि पात्रतेचा फॉर्म. शेवटचा दिवस उद्या. दरवर्षी शेवटचा दिवस उद्याच असतो.

कबड्डीचे बारा फॉर्म होते. झेरॉक्स काढता काढता नावं आणि फोटो बघत गेलो. दुकान बरोबर मैदानासमोर, त्यामुळं मैदानावर कोण येतं आणि कोण येत नाही ते मला गल्ल्यावरून दिसतं. बारांपैकी सात चेहरे मी जूनपासून एकदाही मैदानात बघितलेले नाहीत. दोघांचं ॲडमिशन तर कबड्डीसाठीच झालेलं, बाहेरच्या क्लबातून उचलून आणलेले. खेळतात चांगले. पण बाकीच्या दहांची नावं त्यांना माहीत नाहीत आणि त्या दहांना यांची.

"सराव कधीपासून?" मी विचारलं.

"उद्यापासून काका. सर म्हणलेत, आठ दिस दाबून करायचंय."

आठ दिवस. मशागत नाही, पेरणी नाही, थेट मोंढ्यात माल न्यायचा.

सरांना तरी काय बोलणार? खेळाच्या सरांची जागा आधीचे सर रिटायर झाले तेव्हापासून रिकामी आहे. आता इतिहासाचे सर प्रभारी. माणूस भला, शिट्टी गळ्यात घालून येतो, पण शिट्टी आणि तास दोन्ही एकाच वेळी वाजतात.

बुधवार

सराव पाहिला. सकाळी मैदान पोलीस भरतीवाल्यांचं असतं. ते आमच्या कुठल्याही संघापेक्षा नियमित. सोळाशे मीटरचे वीस गुण, शंभर मीटरचे पंधरा, गोळ्याचे पंधरा, असे पन्नास. तो हिशेब प्रत्येक पोराला तोंडपाठ. आमचा बचावात, कव्हरला, खेळणारा पोरगा त्यांच्यातच धावतो. संध्याकाळी तो कबड्डीला आलाच नाही. भरतीच्या अकॅडमीवाल्यानं सांगितलंय, गुडघ्याला लागलं तर ग्राउंड गेलं. खरं सांगायचं तर त्या पोराच्या जागी मी असतो तर मीही गेलो नसतो. हे लिहायला जड जातंय, पण आहे ते आहे.

बाकीच्यांतले चौघं सोयाबीन काढायला गावाकडं. परतीचा पाऊस कधी येईल सांगता येत नाही. भिजलेल्या सोयाबीनला मोंढ्यात कोण विचारतं? विद्यापीठाच्या स्पर्धा नेमक्या ऑक्टोबरातच का येतात, हे कोडं मला तीस वर्षं सुटलेलं नाही. ज्यानं वेळापत्रक केलं त्याच्या घरी रान नसावं.

गुरुवार

आठ दिवस सरले. सकाळी फाटकापाशी शुभेच्छा समारंभ. नारळ, फोटो, भाषण. भाषणात धावपटू अविनाश साबळेचं नाव आलंच. आमच्या बीड जिल्ह्यात खेळावर भाषण करायचं आणि आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचं नाव घ्यायचं नाही, हे होतच नाही. त्यात वावगं काही नाही. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये तो ८ मिनिटं ११.२० सेकंदांत आला, सोनं पाच शतांश सेकंदानं हुकलं. ती शर्यत मी मोबाइलवर किती वेळा पाहिली असेल, गणती नाही. केनियाच्या तिघांतल्या दोघांना मागं टाकून हा दुसरा!

पण त्याला आपण घडवलं असल्यासारखं कामून बोलायचं? बारावीनंतर तो सैन्यात गेला आणि अडथळ्यांची शर्यत तिथं शिकला. ती शर्यत शिकायला पाण्याचा खड्डा लागतो. आमच्या मैदानात असा खड्डा आहे, नाही असं नाही. पण तो पाइपलाइनवाल्यांनी खांदून ठेवलेला.

भाषणाचा शेवट ठरलेला: "ग्रामीण भाग, साधनांचा अभाव, तरीही आमचे खेळाडू..." टाळ्या.

मुलींच्या खो-खो संघाला टी-शर्ट वाटले. सगळे एकाच मापाचे, खांदे कोपरापर्यंत आलेले. एका पोरीनं तिथंच बाहीला सेफ्टी पिन लावली.

शुक्रवार, रात्री उशिरा

कबड्डीची मॅच बघून आलो. दुकान पुतण्याच्या गळ्यात मारलं. बायको म्हणाली, "अहो, तुम्हाला काय मेडल मिळणाराय का तिथं?" नव्वद किलोमीटर मोटारसायकल, वर ऊन.

हरलो. ४१-२४.

आकड्यावरून वाटतं तसा एकतर्फी सामना नव्हता. मध्यंतराला आपण दोनच गुणांनी मागं होतो. बाहेरून आणलेल्या पोरानं पहिल्या दहा मिनिटांत एकट्यानं सात गुण काढले. आणि तिथंच घात झाला. बाकीच्यांनी रेड, म्हणजे चढाई, मारणं सोडून दिलं. हा जाणार, हा आणणार, आपण रेषेवर उभं राहून टाळ्या द्यायच्या. समोरच्या सरांनी टाइमआउट घेतला, चार वाक्यं बोलले, आणि त्यानंतर त्यांचा उजव्या कोपऱ्यातला गडी आपल्या रेडरचा डावा घोटा सोडून दुसरं काही बघेचना. तो एक धरला गेला की आपल्याकडं दुसरा रेडर नाही. दोन लोण चढले, म्हणजे आख्खा संघ दोनदा बाद.

एक रेड मात्र डोळ्यांसमोरून हलत नाही. समोर पाच जण उभे. आपला पोरगा आत गेला, लांब पाय टाकून बोनस रेषा ओलांडली, मागचा पाय हवेत, अगदी फोटोसारखं, आणि हात वर करून परत आला. पंचानं मान हलवली. समोर सहा किंवा सात असतील तरच बोनस, पाचांत बोनस नाहीच. मी खुर्चीवरून ओरडलो, "मोज रे! आधी मोज!" त्यानं ऐकलं, कारण त्यानं माझ्याकडं पाहिलं. पण तोवर रिकामी रेड होऊन गेली होती. खेळाची ताकद, वेग, उंची हे सगळं उपजत असेल. पाचपर्यंत मोजणं उपजत नसतं, ते रोज संध्याकाळी ओरडून ओरडून अंगात मुरवावं लागतं, आणि आठ दिवसांत ते मुरत नाही.

दुसरं. आपले तिघंच उरले की पकडीला एक गुण जास्तीचा मिळतो. म्हणजे तेव्हाच साखळी धरून दबा धरायचा. आमचे तिघं तीन टोकांना, जसं काही भाऊबंदकीत वाटण्या होऊन बांध पडलेत.

आणि मॅट. सराव काळ्या मातीवर, स्पर्धा मॅटवर. मातीत पाय घसरत जातो, घोटा धरायला सूर मारला तर माणूस हातभर पुढं सरकतो. मॅटवर बूट जिथल्या तिथं अडकतो. आपला डावा कोपरा दर वेळी वीतभर अलीकडंच पडत होता. लोक म्हणाले, टायमिंग चुकतंय. टायमिंग बरोबर होतं हो, जमीन बदलली होती.

परत निघताना चहाच्या टपरीवर संघ भेटला. मी गप्प बसायला पाहिजे होतं. बसलो नाही. बोनसचं काढलं, साखळीचं काढलं. पोरं मान खाली घालून ऐकत होती. मग डाव्या कोपऱ्यातला पोरगा, कोपर सोललेलं, त्यावर कुणीतरी हळद दाबलेली, शांतपणे म्हणाला, "काका, तुम्ही खेळायलतात तवा किती पॉइंट काढले होते?"

१९९४ चा हंगाम. त्याच वर्षी १४ जानेवारीला मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला होता. माझ्या प्रमाणपत्रावर ते नवं लांबलचक नाव छापलेलं आहे, म्हणून साल पक्कं लक्षात. मी बारावा होतो. एका सामन्यात शेवटची चार मिनिटं उतरलो. एक रेड मारली, निदानरेषा न ओलांडताच परत आलो आणि बाद झालो.

"शून्य," म्हणालो. पोरं हसली. मग माझ्या चहाचे पैसे त्यांनीच दिले.

शनिवार

मुलींची खो-खोची उपांत्य फेरी. हा संघ वेगळा आहे, आणि याच संघावर मला जास्त राग येतो, कारण हा जिंकू शकतो.

यात आठ दिवसांचा मामला नाही. या पोरी जूनपासून रोज साडेतीनला मैदानात असतात, पावणेपाचला सुटतात. पाचची एसटी गेली की त्यांच्या गावाकडं थेट मुक्कामीच. सव्वा तासात सगळं. त्यातली एक, सगळ्यात चपळ पळणारी, धाकट्या भावाला बरोबर आणते. दसरा झाला, आईबाप कोयता घेऊन कारखान्याकडं गेले, घरी आजी आणि ही. भाऊ खांबाला टेकून बसतो आणि ताईचे गडी मोजतो. त्याचं मोजणं आमच्या रेडरपेक्षा पक्कं आहे.

समोर धाराशिवकडचा संघ. तिकडं खो-खो म्हणजे घरचं पाणी. सारिका काळे तिथलीच, २०२० चा अर्जुन पुरस्कार. आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं, तेव्हा कर्णधार होती प्रियांका इंगळे, मूळची आपल्या बीड जिल्ह्यातली. त्या रात्री गावातल्या निम्म्या लोकांच्या स्टेटसला तो फोटो होता. माझ्याही.

आपण हरलो, एका गुणानं. ९-८.

पळतीत आपण सरस होतो. आपल्या पहिल्या तुकडीनं त्यांना रडवलं. ती भाऊवाली पोरगी दोघींच्या मधून अशी निसटायची की आक्रमण करणारी नुसती वळायची तयारी करत राही. वळता तर येत नाही, एकदा दिशा धरली की खांबापर्यंत जावंच लागतं. मार खाल्ला तो आक्रमणात. एक तर खो उशिरा. हात पाठीला लागतो आणि शब्द मागून येतो, किंवा शब्द येतो आणि बसलेली अर्धी आधीच उठलेली. फाउल. तीन वेळा आख्खा डाव मागं आला.

पण खरा फरक खांबाचा. त्यांनी बाद केलेल्या नऊ गड्यांपैकी पाच खांबावर. त्यांची पोरगी पळत येते, डाव्या हातानं खांब धरते आणि सगळं अंग आडवं हवेत फेकते. पळणारी कितीही बाहेरून जावो, बोटं पोहोचतातच. आपल्याकडून खांबावर एकही गडी नाही. आपल्या पोरी खांबाजवळ आल्या की वेग कमी करायच्या. नेमक्या तिथंच. मी पहिल्या डावात शिव्या घातल्या, मनातल्या मनात. भित्र्या आहेत, म्हटलं. दुसऱ्या डावात नीट बघितलं तर भीती नव्हती ती, सवय होती. हात खांबापर्यंत जायचा, टेकायचा, पण भार टाकायचा नाही. आपल्या घरातला मोडका कठडा असतो ना, पाहुणा बिनधास्त टेकतो आणि घरातला माणूस नुसता हात ठेवतो. तसं.

रविवार

कॉलेज बंद. सकाळी कुत्र्यांखेरीज मैदानात कोणी नाही. जाऊन खांब हलवून बघितला.

हलतो. रस्त्याकडचा जरा कमी, शाळेकडचा तर दातासारखा. बुडाशी मातीत चार बोटं फट. काळी माती उन्हाळ्यात फाटते, पावसात फुगते, खांब धरून ठेवत नाही. खाली मुरूम-सिमेंट भरायला पाहिजे होतं, कुणीतरी नुसता खड्डा करून ठोकून दिलाय. छातीइतका लाकडी खांब. ज्याच्यावर पोरीनं पळत येऊन सगळं अंग फेकायचं. हा वर्षभर असाच होता, माझ्या दुकानासमोर. रोज बघत होतो. पोरी खांबाला का झोंबत नाहीत यावर मी दुकानात बसून गिऱ्हाइकांना प्रवचनं दिली आहेत. एकदा रस्ता ओलांडून हात लावून बघितलं नाही.

"साधनांचा अभाव" म्हणे. दोन खांबांना मिळून एक गोणी सिमेंट लागेल. तेवढं गुरुवारच्या फ्लेक्सच्या पैशांत आलं असतं. फ्लेक्सची ऑर्डर मीच पुढं दिली होती, दर मला माहीत आहे.

क्रिकेट संघाबद्दल काही लिहीत नाही. पहिल्याच दिवशी परत आले.

मंगळवार

ती भाऊवाली पोरगी दुकानात आली. विद्यापीठाच्या संघाच्या निवड शिबिराला तिचं एकटीचं नाव लागलंय. पत्राच्या दोन प्रती. भाऊ बरोबर, स्टेपलरशी खेळत होता.

मी अभिनंदन केलं, पेन दिलं, आणि मग राहवलं नाही. "बाई, खो उशिरा देतीस तू. हात आन् शब्द एकाच वक्ताला पायजे."

"माहितंय काका," ती म्हणाली. पत्र घडी घालून वहीत ठेवलं. "तुम्ही रविवारी खांब हलवायलतात ना? याच्या दोस्तानं बघितलं. मग पक्के करून देताव का?"

मी हो म्हणालो. लगेच, तिच्यासमोरच. नंतर कॉलेजात विचारलं तर उत्तर आलं, अर्ज द्या, समितीसमोर ठेवू. मग परस्परच गवंड्याला फोन लावला. दोन खड्डे, अर्ध्या दिवसाचं काम, सिमेंट माझं, म्हणालो.

तो म्हणाला, दिवाळीनंतर बघू. मजूरच नाहीत, सगळे सोयाबीनला गेलेत.