एमआरआय झाला, आता पुढे काय? कंबरदुखीचा माझा अनुभव

कंबरेपेक्षा मला जास्त पाडलं ते एमआरआयच्या रिपोर्टने. ‘एल-४, एल-५ आणि एल-५, एस-१ या जागी डिस्क बल्ज, झिजेचे बदल.’ म्हणजे कंबरेच्या खालच्या मणक्यांमधल्या गाद्या थोड्या फुगलेल्या आणि झिजलेल्या. हे वाचल्यापासून मी वाकणंच सोडलं. नागपुरातल्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल आहे, वय ५१. आमच्याकडे जुन्या नियतकालिकांचे बांधीव खंड सगळ्यात खालच्या कप्प्यात असतात. तिथूनच एक खंड काढताना कंबरेत चमक भरली होती.

पहिल्या डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं, पट्टा दिला, ट्रॅक्शन लावलं, म्हणजे वजन लावून कंबर ताणली. शेजारच्या काकूंनी उसण काढायला पायाळू माणूसही शोधून ठेवला होता. जो येई तो एकच सांगे, “आता वाकू नको बापा, गादी सरकली आहे.” तीन महिने उलटून गेले तरी दुखणं हटेना. सकाळी पलंगावरून उतरायचं तर आधी कुशीवर वळून श्वास रोखून धरावा लागे. पाण्याची बादली तर मी उचलतच नव्हते.

एका सहकारी बाईंच्या आग्रहाने फिजिओथेरपिस्टकडे गेले. माझ्या मुलीच्या वयाची मुलगी. तिने रिपोर्टचं पाकीट बाजूला ठेवलं आणि आधी प्रश्न विचारले. लघवी-संडासवर ताबा आहे ना? बसायच्या जागी बधिरपणा? पाय लुळा पडतो? ताप, उगाच घटलेलं वजन, पूर्वी कधी कॅन्सर, कुठे पडलात का? मग टाचांवर चालवलं, चवड्यांवर चालवलं, गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली. “यातलं काही सापडलं असतं ना मॅडम, तर व्यायाम सुरू न करता सरळ सर्जनकडे पाठवलं असतं.” हे प्रश्न मी इथे मुद्दाम लिहिते आहे. लघवी अडली किंवा तो बधिरपणा आला, तर कोणाचाही अनुभव वाचत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पाकीट उघडल्यावर तिने २०१५च्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं. कंबर अजिबात दुखत नसलेल्या ३,११० लोकांच्या तपासण्या त्यात एकत्र पाहिल्या होत्या. पन्नाशीच्या लोकांपैकी सुमारे ६० टक्क्यांमध्ये डिस्क बल्ज होता आणि ८० टक्क्यांमध्ये झीज. तरी दुखत काहीच नव्हतं! त्या रात्री मला बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली. रिपोर्ट देताना हे एक वाक्य रुग्णाला कोणी का सांगत नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

पेशाने मी शोधाशोध करणारी. फिजिओथेरपीच्या संशोधनासाठी ‘पेड्रो’ नावाचा संग्रह आहे, सिडनीहून चालणारा, १९९९पासूनचा, सगळ्यांना मोफत. उपचारांच्या चाचण्या किती काटेकोरपणे केल्या आहेत, त्याचे गुणही त्यात दिलेले असतात. रात्री जेवणं आटोपली की मी त्यात डोकं घालून बसे. हेलसिंकीत १९९५ साली झालेल्या चाचणीत, नुकत्याच कंबर धरलेल्या लोकांमध्ये, झोपून राहणाऱ्यांपेक्षा जमेल तसे रोजचे व्यवहार चालू ठेवणारे लवकर बरे झाले. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३मध्ये जुनाट कंबरदुखीवर मार्गदर्शिका काढली. शिक्षण आणि व्यायाम यांची शिफारस तिच्यात आहे. ट्रॅक्शन, पट्टा, अल्ट्रासाउंड (ध्वनिलहरींचा उपचार), टेन्स (त्वचेवरून विजेचा सौम्य प्रवाह देणं) यांची नाही.

व्यायामाने सगळं जातं असंही कोणी म्हणत नाही. कॉक्रेन ही वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणारी संस्था. जुनाट कंबरदुखीवरच्या तिच्या २०२१च्या आढाव्यात २४९ चाचण्या होत्या. काही उपचार न घेणाऱ्या किंवा नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत, व्यायाम करणाऱ्यांच्या वेदना शंभरच्या मोजपट्टीवर सरासरी १५ने कमी निघाल्या. मला तो आकडा पुरेसा वाटला, कारण पंधराने कमी म्हणजे रात्रीची झोप परत येणं.

प्रत्यक्ष उपचारात मात्र मला सगळ्यात मोलाचा वाटला तो तिचा एक प्रश्न. “कोणती गोष्ट करायला सगळ्यात जास्त भीती वाटते?” मी म्हटलं, खालच्या कप्प्यातला खंड. मग तिने तेच उपचारात घेतलं. पहिल्यांदा रिकामी कापडी पिशवी, तीही स्टुलावरून. मग स्टूल काढून पाट. मग पिशवीत एक पुस्तक, दोन पुस्तकं. पाठ काठीसारखी ताठ ठेवू नका, श्वास रोखू नका, थोडं दुखलं तरी चालेल, दुसऱ्या दिवशी वाढलेलं नसलं की झालं. जोडीला पाठीवर झोपून नितंब उचलणं, गुडघे-हातांवर येऊन एका बाजूचा हात आणि विरुद्ध बाजूचा पाय लांब करणं, खुर्चीतून हात न लावता उठणं. एक दिवस मी तिच्यासाठी आमच्याकडचा एक जाड खंडच घेऊन गेले. जमिनीवरून उचलला, टेबलावर ठेवला, परत खाली ठेवला. माझे डोळे भरून आले होते आणि तिने ते पाहूनही मोजणी थांबवली नाही, “अजून पाच” म्हणाली.

चालणं तिने शेवटी जोडलं. २०२४मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत, कंबरदुखीतून नुकतेच बरे झालेले ७०१ जण होते. चालण्याचा कार्यक्रम घेतलेल्यांपैकी निम्म्यांचं दुखणं उलटेपर्यंत २०८ दिवस गेले, बाकीच्यांमध्ये ११२. आपल्याकडे मे महिन्यात सकाळी आठला ऊन चटके देतं, म्हणून मी उजाडायच्या आत सेमिनरी हिल्सकडे निघते. चढ आधी टाळायचे, आता मुद्दाम घेते.

दिवाळीच्या साफसफाईत कंबर पुन्हा धरली होती. दोन दिवस शेक घेतला, घरातल्या घरात फिरत राहिले, व्यायाम निम्मे केले, पण सोडले नाहीत. एमआरआय पुन्हा काढायचा का, असं घरच्यांनी विचारलं. मी तिला फोन केला. तिने तेच जुने प्रश्न विचारले, सगळ्यांची उत्तरं ‘नाही’ आली. “मग नको,” म्हणाली, “सोमवारी पिशवी घेऊन या.”