साखर हद्दीत होती, इन्सुलिन नव्हते

मार्चअखेरीची धावपळ संपली की आमच्या पतसंस्थेत सर्व कर्मचाऱ्यांची रक्ततपासणी होते. गेल्या वर्षीचा अहवाल हाती आला तेव्हा मी ४३ वर्षांची होते. वजन ५४ किलो आणि उंची १५७ सेंटिमीटर असल्यामुळे मला जाड कोणी कधी म्हटले नव्हते. उपाशीपोटी साखर ९४ होती, म्हणजे १०० च्या आत. एचबीएवनसी, म्हणजे ज्याला आपण तीन महिन्यांची साखर म्हणतो, ती मात्र ५.८ टक्के आली होती, आणि ५.७ पासून मधुमेहपूर्व अवस्था धरतात म्हणून तो आकडा ठळक अक्षरांत छापला होता. एकाच सकाळी काढलेल्या रक्ताने एका ओळीत एक आणि दुसऱ्या ओळीत दुसरेच सांगावे, हे माझ्यासारख्या हिशेबाचे काम करणाऱ्या बाईला स्वस्थ बसू देणारे नव्हते.

अस्वस्थतेचे खरे कारण घरातले होते. कागल तालुक्यातील आमच्या गावी माझे वडील, आण्णा, अनेक वर्षे गुऱ्हाळ चालवत होते. त्यांना मधुमेह असल्याचे कळले ते डोळ्यांच्या डॉक्टरांकडे, अंधुक दिसू लागले म्हणून गेले तेव्हा. डोळ्याच्या पडद्यातील रक्तवाहिन्यांना तोपर्यंत इजा झालेली होती. आजार त्याआधी कित्येक वर्षे शरीरात वाढत होता आणि आम्हा कोणालाही त्याचा सुगावा नव्हता. ही गोष्ट माझ्या मनातून कधीच गेली नाही.

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतील आमच्या डॉक्टरांनी अहवाल पाहिला तो साखरेच्या ओळीपासून नव्हे. त्यांनी आधी हिमोग्लोबिनवर बोट ठेवले. ते १०.१ होते. "ताई, रक्त एवढे कमी असताना या ५.८ वर भिस्त ठेवता येणार नाही," असे ते म्हणाले आणि कारणही त्यांनी समजावून दिले. तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनला साखर किती चिकटली आहे ते एचबीएवनसी मोजते. लोह कमी पडले की हा आकडा साखर न वाढताही थोडा वर सरकू शकतो, आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्यावर नव्या, कोवळ्या पेशी भराभर रक्तात येतात तेव्हा तो उलट खाली घसरतो. त्यामुळे त्यांनी फेरिटिन तपासायला सांगितले. ते ७ आले, म्हणजे शरीरातील लोहाचा साठा जवळपास संपलेला होता.

मला हायसे वाटले, पण ते क्षणभरच. डॉक्टरांचे बोट तोवर चरबीच्या तपासणीवर गेले होते. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातील एक प्रकारची चरबी, १७६ आणि एचडीएल, म्हणजे चांगले कोलेस्टेरॉल, ३८ होते. पहिल्याला दुसऱ्याने भागले तर ४.६ येतात, आणि हे गुणोत्तर ३ च्या वर गेले की इन्सुलिन प्रतिरोधाची शंका घेतात. त्यांनी मग टेपने कमर मोजली. ती ८४ सेंटिमीटर भरली. आपल्याकडील स्त्रियांसाठी ८० आणि पुरुषांसाठी ९० ही मर्यादा मानतात. वजनकाटा ज्याबद्दल काहीच बोलत नव्हता, ते टेपने सांगितले.

इन्सुलिन प्रतिरोध म्हणजे काय, हे मला तोपर्यंत नीट माहीत नव्हते. स्नायू, यकृत आणि चरबीच्या पेशी साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिन या संप्रेरकाला पूर्वीसारखा प्रतिसाद देईनाशा होतात, तेव्हा स्वादुपिंड अधिक इन्सुलिन सोडून साखर हद्दीत ठेवते. जोपर्यंत स्वादुपिंडाला हे झेपते तोपर्यंत साखरेचा अहवाल निर्दोष दिसतो. दरम्यान यकृत चरबी तयार करून रक्तात सोडत राहते, म्हणून ट्रायग्लिसराइड वाढतात आणि त्यांच्या मागोमाग एचडीएल उतरते. साखर वाढते ती सर्वांत शेवटी, स्वादुपिंड थकू लागल्यावर. आण्णांच्या बाबतीत आम्ही नेमक्या त्या शेवटच्या आकड्याची वाट पाहत बसलो होतो, हे मला त्या दिवशी समजले आणि फार वाईट वाटले.

माझ्यासारख्या सडपातळ माणसाला हे कसे होते, असे मी विचारले. त्यावर डॉक्टरांनी पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाबद्दल सांगितले. २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्यांचे आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे शेजारी शेजारी उभे असलेले छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३ होता. मात्र शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के होते, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. बाहेरून बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरात स्नायू कमी आणि पोटाभोवतीची चरबी जास्त असू शकते. माझा बीएमआय २१.९ होता, त्यामुळे ही माहिती मला परकी वाटली नाही.

त्यानंतर उपाशीपोटी इन्सुलिन तपासायचे ठरले, आणि येथेच माझी पहिली चूक झाली. कामावर उशीर नको म्हणून मी घरी येऊन रक्त नेणारी सोय निवडली. सकाळी सव्वासातला आलेल्या मुलाला शीर सापडेना. दोनदा टोचून त्याने कसेबसे रक्त काढले, बॅगेत ठेवले आणि पुढच्या घरी गेला. नमुना प्रयोगशाळेत पोहोचला तेव्हा दुपार झाली होती. अहवालात साखर ८६ आणि इन्सुलिन ४.१ आले. इन्सुलिन प्रतिरोधाचा अंदाज देणारा होमा-आयआर हा निर्देशांक ऑक्सफर्डमधील डेव्हिड मॅथ्यूज आणि सहकाऱ्यांनी १९८५ साली मांडला. उपाशीपोटीची साखर आणि इन्सुलिन यांचा गुणाकार करून ४०५ ने भागायचे, एवढाच त्याचा हिशेब आहे. माझे उत्तर ०.८७ आले. अनेक ठिकाणी २ ते २.५ च्या वर गेले तर शंका घेतात, म्हणून मी निर्धास्त झाले आणि घरी तसे सांगूनही टाकले.

डॉक्टर मात्र निर्धास्त झाले नाहीत. अहवालाच्या तळाशी बारीक अक्षरांत नमुना हिमोलाइज्ड असल्याची नोंद होती, ती मी वाचलीच नव्हती. तांबड्या पेशी फुटल्या की त्यांच्यातील विकर बाहेर येते आणि नमुन्यातले इन्सुलिन मोडू लागते, त्यामुळे आकडा खोटा कमी येतो. मग त्यांनी मी कोणत्या गोळ्या घेते ते विचारले. केस फार गळतात म्हणून मी औषधाच्या दुकानातून बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणून रोज घेत होते. काही यंत्रांवर इन्सुलिन मोजण्याच्या पद्धतीतच बायोटिनचा वापर असतो, आणि रक्तात ते जास्त असेल तर इन्सुलिन प्रत्यक्षाहून कमी दिसू शकते. केस गळण्यामागे लोहाची कमतरता असण्याचा संभव होता, म्हणजे मी मूळ कारण सोडून भलतेच औषध घेत होते आणि ते औषध तपासणीत विघ्न आणत होते. ट्रायग्लिसराइड आणि कमर एक सांगत असताना एकट्या इन्सुलिनचे ऐकायचे नाही, हा त्यांचा आग्रह मला पटला. ते अडून बसले नसते, तर मी तो ०.८७ चा कागद फायलीत लावून पुढची पाच वर्षे काढली असती.

बायोटिन बंद करून एक आठवडा गेल्यावर मी स्वतः राजारामपुरीतील एका प्रयोगशाळेत गेले. आदल्या रात्री साडेनऊला जेवण आटोपले होते आणि सकाळी पाण्याशिवाय काही घेतले नव्हते, चहासुद्धा नाही. सर्दी-ताप नाही आणि रात्रीची झोप पुरेशी झाली आहे, याची खात्री करूनच तो दिवस निवडला होता. तिथे दहा मिनिटे शांत बसवून रक्त घेतले. राखाडी झाकणाची ट्यूब साखरेसाठी, पिवळ्या झाकणाची इन्सुलिनसाठी, असे सगळे त्या ताईंनी मला दाखवले. पिवळ्या ट्यूबमधले रक्त गोठल्यावर, अर्ध्या तासाच्या सुमारास त्यांनी ती यंत्रात फिरवून वरचा द्रव वेगळा केला. या वेळी साखर ९७ आणि इन्सुलिन १६.४ आले. होमा-आयआर ३.९ झाला.

डॉक्टरांनी यापुढे ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी करायला सांगितली. पाण्यात विरघळवलेले ग्लुकोज पाच मिनिटांत पिऊन, मध्ये काही न खाता आणि फिरायला न जाता दोन तास बसून राहायचे असते. चव सहन होण्यासारखी नव्हती, पण निभावले. दोन तासांनी साखर १३२ होती, म्हणजे १४० च्या आत. जुन्या मोजमापाने मी येथेही उत्तीर्ण झाले असते. पण त्यांनी एका तासाचेही रक्त घ्यायला सांगितले होते आणि ते १६८ आले होते. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२४ साली एका तासाच्या साखरेसाठी १५५ ही मर्यादा सुचवली आहे आणि तिच्यापुढील व्यक्तींना धोक्याच्या गटात धरावे असे म्हटले आहे. आता गुणोत्तर, कमर, इन्सुलिन आणि एका तासाची साखर हे चौघेही एकच गोष्ट सांगत होते, आणि मलाही ती मान्य करावी लागली.

सरसकट सगळ्यांनी इन्सुलिन तपासून घ्यावे, असे डॉक्टरांचे म्हणणे मुळीच नाही. या तपासणीची सर्वमान्य मर्यादा ठरलेली नाही, वेगवेगळ्या यंत्रांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि घरात मधुमेह, वाढलेली कमर, ट्रायग्लिसराइड यांवरून बहुतेकांचा धोका तसाही ओळखता येतो. मला ती करावी लागली, कारण रक्त कमी असल्याने एचबीएवनसी कामाची राहिली नव्हती.

उपायांत औषध होते ते फक्त लोहाचे. वजन कमी करायची मला फारशी गरज नव्हती, स्नायू वाढवायची होती, कारण जेवणानंतरची बरीचशी साखर स्नायूच शोषून घेतात. रंकाळ्यावर रोज पाऊण तास चालणे आणि आठवड्यातून तीन दिवस उठाबशा व वजन उचलण्याचे व्यायाम मी सुरू केले. रात्रीच्या जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटांची फेरी न चुकता होऊ लागली. ताटात आधी भाजी आणि उसळ, मग भाकरी, असा क्रम ठेवला. सर्वांत अवघड गेला तो चहा. कार्यालयात दिवसाला पाच कप होत. साखर सोडून गूळ घालावा, असा सल्ला मला अनेकांनी आपुलकीने दिला. मी गुऱ्हाळावर वाढलेली आहे, काहिलीतल्या रसाचा वास आजही मला माहेराचा वाटतो. तरीही सांगते, की गुळाचा बहुतांश भाग साखरच असते आणि शरीर तिला साखरेसारखेच वागवते. मी गूळही सोडला आणि दोन कप बिनसाखरेचे ठेवले.

सहा महिन्यांनी त्याच प्रयोगशाळेत, त्याच वेळी, तशाच उपवासाने पुन्हा रक्त दिले. हिमोग्लोबिन १२.३ झाले होते. ट्रायग्लिसराइड ११८ आणि एचडीएल ४२, म्हणजे गुणोत्तर २.८. साखर ९२, इन्सुलिन ९.६ आणि होमा-आयआर २.२. वजन केवळ दीड किलोने उतरले होते, पण कमर ८० वर आली होती. एचबीएवनसी ५.५ आली. त्यातले किती लोहामुळे आणि किती चालण्यामुळे, हे वेगळे काढता येणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, आणि मला ते प्रामाणिकपणाचे वाटले. यापुढे इन्सुलिन वारंवार तपासायचे नाही, वर्षातून एकदा साखर, एचबीएवनसी, चरबी आणि कमर एवढे पुरे, असे ठरले आहे.

दिवाळीत गावी गेले तेव्हा धाकट्या भावाच्या मानेवर काळसर, मखमलीसारखी जाड झालेली त्वचा दिसली. वहिनी ती घासून घासून थकली होती. मळ समजून घासली जाणारी ही त्वचा पुष्कळदा वाढलेल्या इन्सुलिनची खूण असते, हे मला आता माहीत होते. त्याची कमर मोजली तर ९८ भरली. वय ३८, गुऱ्हाळाचा सगळा व्याप त्याच्यावर, आणि आजवर त्याने एकदाही रक्त तपासलेले नाही. आण्णांनी स्वतः त्याला बसवून घेऊन आपल्या डोळ्यांची हकीकत पहिल्यापासून सांगितली, तेव्हा तो तयार झाला. येत्या सोमवारी मी त्याला राजारामपुरीत घेऊन जाणार आहे. रविवारी रात्री साडेनऊनंतर काही खायचे नाही आणि सकाळी निघताना चहा घ्यायचा नाही, हे मी त्याला आणि वहिनीला दोघांनाही फोनवर सांगून ठेवले आहे.