भेरूघाटातली दुपार

रामबागेतून पहाटे निघालो तेव्हा आम्ही अकरा जण होतो. इंदूर ते ओंकारेश्वर, साधारण 80 किलोमीटर. आमच्या पंचांगात अजून आषाढ, श्रावण लागायला पंधरवडा होता. रस्त्यावर मात्र उत्तरेकडच्या पंचांगाचा सावन सुरू झालेला. समोरून उज्जैनकडे निघालेल्या कावडींची रीघ.

मी घरून नेम करून निघाले होते, चालताना चालायचं, नाम घेताना नाम. वर्षभर एका हातात फोन, दुसऱ्या हातात झारा आणि कान मुलाच्या अभ्यासाकडे, असं जगून डोकं शिणलं होतं. तेजाजीनगरपर्यंत नेम टिकला. मग ऑफिसातून फोन आला. बोलत बोलत चालत राहिले आणि बुटात गेलेला खडा काढायचा राहिला. सिमरोलला बूट काढला तेव्हा चवड्याखाली टरटरून फोड.

दुसऱ्या दिवशी भेरूघाट. माळव्याचं पठार इथे संपतं आणि निमाडाकडे उतार लागतो. उतारावर सगळा भार चवड्यावर. शेजारचे काका टाळ वाजवता वाजवता प्लॉटचे भाव सांगत होते. मला इतका राग आला की हरिपाठ कुठवर आला तेच कळेना.

घाट उतरल्यावर एका टपरीशी मी बसूनच घेतलं. बाकीचे पुढे गेले. आत एक बाई चुलीवर रोट्या करत होती. पाय बघून म्हणाली, "बैठो. पहले ये रोटी हो जाए।"

इथे जीव जातोय आणि हिला रोटीचं पडलंय, असं वाटलं. पण दुसरं बघायलाही काही नव्हतं, म्हणून रोटीच बघत बसले. तिने ती उलटली, कडा दाबल्या, निखाऱ्यावर फुगवली, फडक्यात ठेवली. तवा उतरवला. लाकडं मागे ओढली. हात धुतले. मग पाय मांडीवर घेतला.

त्यानंतर तिला माझ्या पायाशिवाय काही दिसत नव्हतं. कुणी माचिस मागितली, ती मान वर न करता "रुको" म्हणाली. सुई तापवली, हळद-तेलात भिजवलेला दोरा फोडातून आरपार ओवला, दोन्ही टोकं बाहेर ठेवली. पाणी हळूहळू फडक्यावर झिरपलं. माझे डोळे भरून आले, ते दुखण्याने नव्हे. इतकं पूर्ण लक्ष माझ्याकडे शेवटचं कुणी दिलं होतं ते आठवेना. पैसे घेतले नाहीत. "धागा मत निकालना। नर्मदे हर।"

पुढे एक कावडवाला पोरगा खांदा बदलत होता. कावड जमिनीला टेकवायची नाही. सगळं अंग त्या एका हालचालीत. तो पुढे गेला तरी मी तिथेच उभी होते.

मग टाच, चवडा, अंगठा. टाच, चवडा, अंगठा. दहा-बारा पावलांवर मन घरी जायचं, दोरा ओढला जायचा, परत यायचं. संध्याकाळपर्यंत एवढंच केलं. फोन बंद होता.

बलवाडा, बडवाह, मोरटक्क्याचा पूल. ओंकारेश्वराचं दर्शन क्षणभर झालं, पुजाऱ्याने पुढे ढकललं आणि मी पुन्हा चिडले. घाटावर पाय पाण्यात सोडले, चवडा चरचरला. दोरा अजून होता. नदीपलीकडे ममलेश्वराचं देऊळ राहिलं होतं. उठले, टाच टेकवली.